गुठळ्या

वर्षाने बनवलेलं जेल तिसऱ्यांदा बिघडलं. त्वचेवरच्या बुरशीला मारणारं औषध हाताशी होतं. पण ते ज्यात मिसळायचं त्या जेलमध्ये साबुदाण्यासारख्या गुठळ्याच गुठळ्या. दुपारपर्यंत नमुना तपासणीला गेला नाही, तर एम. फार्म.चं अख्खं सत्र वाया जाणार होतं.

तिचे वडील वाल्मिक विसरलेला डबा द्यायला आले होते. पांडेसऱ्याच्या कापड मिलमधली रातपाळी करून घरी आले, ते न झोपताच इकडे. डब्याची पिशवी कोपरात अडकवून, दोन्ही हात खिशात घालून ते प्रयोगशाळेच्या दारात उभे होते.

"पोरी, तू एकदम ओतस," ते म्हणाले. "पाणी फिरतं ठेव. पावडर चिमटीनं भुरभुराव. मंग तासभर हात नको लावू. फुगू दे त्याले."

"बाबा, हे औषध आहे."

"आमनी मिलमा छपाईना गम बी आसाच घोळतस."

दुसरा उपाय नव्हता. तिने तसंच केलं. वाल्मिकना स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागला. तासाने तिने जेल घट्ट करणाऱ्या द्रावणाचे शेवटचे थेंब सोडले आणि बीकरमधलं गढूळ पाणी बघता बघता घट्ट झालं, काचेसारखं स्वच्छ.

तिच्या मार्गदर्शक सुधा मॅडमनी चमचा फिरवून पाहिला. "कुणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी."

मॅडमनी हात जोडले. "उपकार झाले, काका. बाकीच्या मुलांनाही दाखवाल? पुस्तकात वाचून हे जमत नाही."

गम घोळण्याच्या बावीस वर्षांत वाल्मिकना असं कोणी विचारलं नव्हतं. ते लाजले. हातमोजे घालायला त्यांनी खिशातून हात काढले, तेव्हा वर्षाला दिसलं. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या, सोललेल्या, चिरलेल्या. वर्षभर ती बुरशी झालेल्या त्वचेचे असेच फोटो वहीत चिकटवत होती.

"कधीपासून?"

"तू शाळामा व्हती तवापासून. ओलं काम शे." त्यांनी घाईने मोजा चढवला.

वर्षाची नजर बीकरकडे गेली. "हे अजून माणसांना लावायचं नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "त्यांना ओपीडीत ने. आजच. नमुना मी पाठवते."

मुलांना दाखवून झाल्यावर दोघं बाहेर पडली. रस्ता ओलांडताना वर्षाने वडिलांचा हात धरला.

"सोड," ते पुटपुटले. "तुले लागी जाई."

"लागू दे," ती म्हणाली, आणि हात आणखी घट्ट धरला.