ओढ्याकाठचा हिरवा पट्टा

नकाशावरचा लाल डाग नेमका कलिपाच्या बटाट्याच्या शेताशी होता. गावकऱ्यांनी आधी डागाकडे पाहिलं, मग कलिपाकडे. खालच्या अंगाला ओढ्यातले मासे संपले होते, बदकं मरत होती. हे कोणाचं तरी काम आहे, असा संशय बर्फ वितळल्यापासून घरोघरी शिजत होता. आता त्याला नाव मिळालं.

"ज्यानं ओढा नासवला, त्याचं पाणी उन्हाळाभर बंद," असनाली म्हणाला. तो गावचा मिराब. पाण्याच्या पाळ्या तोच ठरवायचा आणि त्याचा शब्द कोणी मोडत नसे. कलिपाला नवरा नव्हता. बटाटे वाळले तर हिवाळ्यात ती काय खाईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

काराकोल शहरातून नकाशा घेऊन आलेली नुरझादा गडबडली. आकाशातून टिपलेल्या चित्रांवरून तिनं एवढंच मांडलं होतं, की कुठे काठाला झाडं आहेत आणि कुठे नांगर थेट पाण्यापर्यंत गेलाय. लाल म्हणजे गुन्हा नव्हे, ती समजावू लागली. लाल म्हणजे आधी तिथे जाऊन बघा.

असनालीनं डोळे बारीक केले. "जाऊनच बघायचं होतं, तर एवढ्या उंच कशाला चढलीस, पोरी?"

लोक हसले. कलिपानं हिला चहा पाजला असणार, असं मागे कोणीतरी पुटपुटलं. पण सगळे तिच्यामागून ओढ्यावर गेले.

कलिपाच्या काठावर एकही झाड नव्हतं. नुरझादानं पाण्यातला दगड उलटला. त्याला चिकटलेले बारीक किडे वळवळले. दुसरा उलटला, त्याच्याखालीही तेच. नासक्या पाण्यात हे जगत नाहीत, ती म्हणाली. आणि बटाट्यांवर औषध मारायला कलिपाकडे फवारणीचा पंपच नव्हता.

मग सगळे खाली वाळुंजांच्या राईत उतरले. नकाशावर हा पट्टा हिरवागार होता. इथले दगड उलटले, तर घासून ठेवल्यासारखे स्वच्छ. एक किडा नाही. इथे पाण्यात काय पडतं, नुरझादानं विचारलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले आणि बघता बघता एकेकाची मान खाली गेली. वरच्या कुरणांकडे निघण्याआधी मेंढ्या धुवायच्या त्या याच राईत. सावलीत त्या बुजत नाहीत. जागा वाडवडिलांपासूनची, धुण्याच्या पाण्यातलं गोचिडांचं औषध तेवढं नवं.

असनालीनं घसा साफ केला. हे कोणी केलं याची चौकशी करावी लागेल, असं तो म्हणाला.

कलिपा पाण्याच्या कडेला उभी होती. तिचा आवाज चढला नाही.

"चौकशी कशाला, असनाली आके? मी माझ्या मेंढ्या इथेच धुतल्या. तुम्ही तुमच्या कुठे धुतल्या?"