राखलेली ओळ

सन एकोणीसशे एक्क्याऐंशी. वादळाने मका झोपवला त्याला सहा आठवडे होऊन गेले, तेव्हा कुठे सरकारी मदतीसाठी नुकसानीची पाहणी करणारे साहेब गावात आले. बांधावर उभे राहून त्यांनी काकूचं रान पाहिलं. वीतभर गहू वाऱ्यावर डुलत होता.

"नुकसान कुठंय?"

काकूने मधोमध बोट दाखवलं. हिरव्या गव्हात मक्याची एकच ओळ आडवी पडली होती, वाळून पिवळी झालेली.

"पाहणी होईपर्यंत शेताला हात लावू नका, अशी नोटीस होती ना?"

"म्हणून तर त्या ओळीला लावला नाही. ओल उडून गेल्यावर गहू कुठं पेरायचा होता, नोटिशीवर?"

मागे सगळं गाव उभं होतं. काकूचं ऐकून बेचाळीस घरांनी अशीच एकेक ओळ राखली होती आणि बाकीचं रान मोडून गहू पेरला होता. आता मदत हुकली, तर बेचाळीस घरांचे शिव्याशाप तिला एकटीला खायचे होते.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "एका ओळीचं नुकसान. एका ओळीची मदत लिहितो."

"ऐका!" काकूचे थोरले दीर गावाकडे वळून म्हणाले. "सांगत होतो, हिच्या नादी लागू नका."

काकूने तिकडे पाहिलंही नाही. "साहेब, तुमच्या घरी भात शिजला का, ते कसं बघतात?"

"शीत दाबून."

"एकच ना? सगळं पातेलं तर कुणी चिवडत नाही."

"काकू, हे शीत तुम्हीच ठेवलंय. एक ओळ काय, कुणीही आडवी करेल."

"मग चला वर."

पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीशी काकूने चपला काढल्या आणि ती चढू लागली. साहेब तिच्यामागून चढले, पायऱ्या मोजत, खाली न बघता.

वर पोचल्यावर त्यांनी कठडा घट्ट धरला. मग हळूच मान वर केली.

खाली नदीपर्यंत हिरवं शिवार पसरलं होतं आणि प्रत्येक रानात एक पिवळी ओळ होती. जवळच्या ओळींतली धाटंसुद्धा दिसत होती. यच्चयावत धाटं उगवतीकडे डोकं टाकून पडलेली, एकाच फणीने विंचरल्यासारखी.

साहेबांनी बोटाने एकेक ओळ मोजली. मग म्हणाले, "हे वाऱ्याचंच काम. खाली जाऊन लिहितो."

"इथंच लिहा. खाली गेलं की परत एकच ओळ दिसेल."

साहेब मोठ्याने हसले. कठड्यावर वही टेकवून त्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस रानं लिहिली, पूर्ण.

मदत महिन्याभरात आली, सगळ्यांना. साहेब पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले; त्यांच्या काळातल्या नोटिशीत 'नमुन्याची एक ओळ राखून पेरणी करावी' असं वाक्य असायचं. थोरले दीर मरेपर्यंत सांगत राहिले की ओळीची युक्ती मूळ त्यांचीच. काकू अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली. दिरांचं ते सांगणं तिने कधी खोडलं नाही, फक्त "हो, भावजी" म्हणायची आणि सगळे हसायचे.

त्या दिवशी मात्र ती टाकीवरून उतरली ती थेट रानात गेली आणि राखलेली ओळ मोडून तिथेही गहू टाकला. तिचं बघून साऱ्यांनी टाकला. पुढे कापणीला शिवार सोन्यासारखं पिवळं झालं, आणि प्रत्येक रानात एक ओळ अजून हिरवीगार होती.