रिकाम्या मात्रा

संगणकावर चाल रचायच्या तासाला सगळ्यांच्या चालींवर हिरवी खूण उमटली. भिंगरीच्या चालीत मात्र मधल्या आठ मात्रा रिकाम्या होत्या आणि सॉफ्टवेअरने वर लाल शेरा मारला होता: अपूर्ण.

"भर गं काहीतरी तिथे," संगीताचे सर म्हणाले. "लाल शेऱ्याची चाल कार्यक्रमात नको म्हणून मुख्याध्यापकांचा हुकूम आहे."

"भरलेल्याच आहेत, सर. यंत्राला कळत नाही, त्याला मी काय करू?"

"काय भरलंयस?"

तिने सरांच्या कानात सांगितलं. सर दचकले. सभागृहात पाय आपटणाऱ्याला तडक घरी पाठवायचं, हा नियम त्यांनीच वर्गावर्गांत वाचून दाखवला होता.

कार्यक्रमात बटण सरांच्या हाती होतं. त्यांनी भिंगरीचीच चाल लावली. रिकाम्या मात्रा आल्या, सभागृह चिडीचूप. मग एक पाय आपटला आणि पाठोपाठ अख्ख्या शाळेचे बूट तालात दणाणले.

मुख्याध्यापक ताडकन उठले. "कोणी सुरू केलं हे?"

संगीताचे सर उभे राहिले.

"माफ करा, साहेब," ते म्हणाले. "पहिली मात्रा हुकली माझी."