बाकाचे ढिले बोल्ट

इस्पितळातल्या नव्या बाकाचे बोल्ट दर महिन्याला ढिले व्हायचे. पाच वर्षांची वॉरंटी होती, म्हणून वॉचमनकाकांनी तक्रार केली. कंपनीचा तपासनीस आला, वाकून खालून बघितलं आणि करवादला, “काका, बाक खणखणीत आहे. लोक बसल्या बसल्या पाय हलवतात, त्यानं बोल्ट सुटतात. वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते, लोकांच्या वाईट खोडीला नाही.”

“अहो साहेब, समोरच ऑपरेशन थिएटरचं दार आहे.”

“मग? पाय हलवले की ऑपरेशन लवकर उरकतं का?” असं म्हणून त्यानं फॉर्मवर लिहिलं : चुकीचा वापर, वॉरंटी लागू नाही.

दोन महिन्यांनी तो तपासनीस त्याच बाकावर बसला होता. या वेळी हातात फॉर्म नव्हता. लेकीला आत नेऊन तीन तास होत आले होते. दार वाजलं की तो ताडकन उठायचा आणि दुसऱ्याच कुणाचं नाव ऐकून परत बसून पाय हलवत राहायचा.



वॉचमनकाका पाना घेऊन आले, त्याच्या पायाशी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, “तुम्ही खुशाल हलवा पाय, साहेब. बोल्ट मी आवळतो.”