रॉनचं भाषण

रॉनला पुन्हा टाळ्या पडल्या. रॉननं काहीही केलं नव्हतं. डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरी चादर ओढून तो मंचावरच्या खुर्चीत नुसता बसला होता.

शेजारच्या खुर्चीत टॅम्सिन ओल्ड्रॉयड होती. भाषणाची कार्डं तिनं तिसऱ्यांदा मोजली आणि मांडीखाली दाबली.

विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदाला ती एकटीच उभी होती. वर्षभराची पगारी नोकरी, वर स्वतःची खोली आणि खोलीला खिडकी, तरी दुसऱ्या कोणी अर्ज भरला नव्हता. दुसरीकडे कुठे तिला बिनविरोध म्हणून सोडून दिलं असतं. इथे मतपत्रिकेवर शेवटी एक ओळ असतेच: फेरनिवडणूक घ्या. इंग्रजीत ‘री-ओपन नॉमिनेशन्स’, म्हणून आद्याक्षरं जुळवून या ओळीला मुलं लाडानं रॉन म्हणतात. रॉनला उमेदवारापेक्षा जास्त मतं पडली, तर उमेदवार घरी जातो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. यंदा कोणीतरी चादर पांघरून रॉनचा प्रचारच सुरू केला होता. तो बोलत नसे, लिमलेटच्या गोळ्या वाटत असे. त्यामुळे त्याच्याविरुद्ध कोणाला काही म्हणता येत नव्हतं.

“समोर कोण आहे?” आईनं फोनवर विचारलं होतं. आई दूर समुद्रकाठच्या गावी, व्हिटबीला, मासे तळायच्या दुकानात कामाला होती.

“कोणी नाही.”

“मग घाबरतेस कशाला?”

माणसाकडून हरलं तर चारचौघांत सांगता येतं. पण कोणीही नसलं तरी चालेल, फक्त ही नको, असं अख्ख्या विद्यापीठानं म्हटल्यावर तोंड कुठे दाखवायचं, हे आईला समजावणं जमलं नाही.

शिवाय बसचं राहिलं असतं. विद्यार्थी संघानं रात्रीची बस बंद केली होती. ग्रंथालयातून उशिरा निघालं की खोलीवर जायला कालव्याकाठची वाट उरे, आणि त्या वाटेवरचे दिवे हिवाळ्यात हमखास गेलेले असत. टॅम्सिन ती वाट उजव्या मुठीत, वेळ आली तर मारायला, किल्ल्या आणि डाव्या कानाला फोनवर आई अशी चाले. बोलण्यासारखं काही नसलं, तरी आईला आज किती मासे तळले ते विचारी. बस परत आणायची, एवढ्यासाठीच ती उभी राहिली होती. इतर पदांच्या उमेदवारांचे जाहीरनामे फार लांबलचक होते. त्यांना कशाची भीती वाटत नसावी.

निवडणूक अधिकारी हेस्लॉपबाईंनी प्रश्न मागवले. मागच्या रांगेतून रग्बीच्या संघातला एक धिप्पाड मुलगा उठला आणि त्यानं अगदी सभ्यपणे विचारलं, कोणीच नसण्यापेक्षा टॅम्सिन बरी कशी?

टॅम्सिन उभी राहिली. कार्डं खाली सांडली. “मी,” ती म्हणाली, आणि पुढचं काही आलं नाही. कोणीतरी खुसखुसलं. पहिल्या रांगेतल्या एका दयाळू मुलीनं टाळी वाजवली, ते जास्त वाईट झालं. टॅम्सिन खाली बसली. चादर तिच्याकडे झुकली.

“टॅम, मी इद्रिस. भूगर्भशास्त्राचा,” चादर कुजबुजली. “मीही उभा राहणार होतो. अर्ज भरला, पण द्यायला गेलो आणि दारातूनच परत आलो.”

“मग इथे कसा बसलायस एवढ्या लोकांसमोर?”

“आत काही वाटत नाही. कोणी दिसतच नाही.”

टॅम्सिननं एकदा सभागृहाकडे पाहिलं आणि एकदा चादरीकडे.

“सरक,” ती म्हणाली.

थोडा वेळ चादरीखाली चार बूट दिसले. मग दुसऱ्या बाजूनं लालभडक झालेला इद्रिस बाहेर आला आणि पाणी प्यायला निघून गेला. चादर उभी राहिली. पुढे बसलेल्या एकाला वाटलं, आता मजा आहे. त्यानं फोन काढून चित्रीकरण सुरू केलं.

चादर बोलायला लागली. अंधारातली वाट सांगितली. मागून पावलं वाजली की आपण वळून बघत नाही, कारण बघितलं तर ती खरी होतात, हे सांगितलं. आई कानाशी असली तरी व्हिटबीला असते, हेही सांगितलं. मग तिनं विचारलं, किल्ल्या मुठीत धरून कोण कोण घरी जातं?

एका कोपऱ्यात एक किल्ली वाजली. मग दुसरी. मग सभागृहभर हात वर गेले आणि किल्ल्यांचा आवाज थांबेना. रग्बीवाला बूट बघत बसला.

सभेला आले होते ते सत्तर-ऐंशी. ती चित्रफीत सकाळपर्यंत विद्यापीठभर फिरली. चादर उभी राहते तिथपासून; आत कोण शिरलं, ते तीत नव्हतं.

निकाल हेस्लॉपबाईंनी दोनदा वाचला. इतकं मतदान त्यांनी पाहिलं नव्हतं. रॉन प्रचंड मतांनी निवडून आला होता. मतं देणाऱ्या पुष्कळ जणांनी खाली आवर्जून लिहिलं होतं की बसबद्दल बोलणारा हा पहिलाच उमेदवार.

टॅम्सिन कालव्याच्या वाटेनं निघाली. दिवे गेलेलेच होते. उजव्या मुठीत किल्ल्या होत्या, खिशात फेरनिवडणुकीचा कोरा अर्ज. तिनं आईला फोन लावला.

“हरले गं.”

“अगं बाई. कोणी हरवलं?”

मागे पावलं वाजल्यासारखी वाटली. तिनं वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

“मीच,” ती म्हणाली. “फार छान बोलले गं आई.”