दोन बंद

आम्ही बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेत होतो. बाबांचा जन्म गॅरेजात गेलेला. पण गेली दोन वर्षं आईने घसा फोडून हाका मारल्या तरी त्यांना ऐकू जात नव्हतं.

सपाट रस्ता लागला आणि मागे पेंगणारे बाबा ताडकन उठून बसले. "गाडी बाजूला घे. चारातले दोन सिलिंडर बंद पडलेत."

मी थक्क झाले. "बिघाड नाही, बाबा!" सवयीने मी ओरडूनच सांगितलं. "जोर लागत नसला की ही गाडी दोन सिलिंडर आपोआप बंद ठेवते, पेट्रोल वाचतं. चढ आला की चारही सुरू. पण हा फरक शोरूमवाल्यालासुद्धा कळत नाही हो!"

आई सावकाश मागे वळली. "आणि मी कपडे वाळत घाला म्हणते, ते ऐकू येत नाही?"

बाबांनी नजर खिडकीबाहेर वळवली. "कंपनीला आत्ता सुचलंय," ते हळूच म्हणाले. "तू काम सांगितलंस की माझेही दोन आपोआप बंद होतात."

आई हसत सुटली. मग डोळे पुसत मला म्हणाली, "वळव गाडी. आजपासून घरात नुसता चढच आहे."