बिनमिठाचा ढोकळा

आंबवलेली डाळ बीपीला चांगली, असं मुलानं, पियुषनं, अमरावतीहून फोनवर सांगितलं आणि त्या दिवसापासून अकोल्यात जठारपेठेतल्या खुशालरावांचा आलूबोंड्याशी संबंध सुटला. दुर्गाबाई रोज डाळ भिजवायच्या, वाटायच्या, रात्रभर आंबवत ठेवायच्या आणि सकाळी बिनमिठाचा ढोकळा नवऱ्यापुढं ठेवायच्या.

"दुर्गे, जेलमंदीबी याच्यापेक्षा बरं भेटत असन."

"जेलमंदी तुमचं बीपी कोन पाह्यते? खा मुकाट्यानं."

मग त्यांच्या हातावर गोळी ठेवायच्या, दंडाला मशीनचा पट्टा बांधायच्या आणि आलेला आकडा कॅलेंडरवर लिहायच्या. स्वतः मात्र ओट्याशी उभ्याउभ्याच रात्रीची भाकर आणि खारट लोणचं खाऊन मोकळ्या व्हायच्या. सहा वर्षांत खुशालरावांचा आकडा एकशेवीस-ऐंशीवर असा काही बसला, की शेजारीपाजारी ढोकळ्याची कृती विचारायला येऊ लागले.

मंगळवारी डाळ वाटता वाटता दुर्गाबाई कोसळल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. बीपी फार वाढून मेंदूत रक्तस्राव झालाय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि विचारलं, "यांचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं?"



 

"तिचं काहून मोजाचं, साहेब? बीपी त मले आहे."